परतीच्या वाटेचे बूट

एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा जाणार म्हटल्यावर सगळे रायफलबद्दल विचारतात. कोणती घेतली, किती लांबचं टिपता येतं, दुर्बीण कुठली बसवली. रायफलचं माझं एका दुपारीच ठरलं होतं. बुटांचं ठरायला अख्खा हिवाळा आणि वसंत गेला, आणि आपण नेमकं काय करायला निघालोय हे मला त्या बुटांनीच शिकवलं.

आधी जागा सांगते, कारण जागा कळल्याशिवाय बुटांचं काही कळत नाही. मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहते. गावाची उंचीच पाच हजार फूट, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम चारशे फूट कमी. गावातून पश्चिमेला कॅश ला पूडर नदीच्या घळीतून रस्ता चढत जातो, कॅमेरॉन खिंडीच्या अलीकडे उजवीकडे लॅरमी नदीच्या खोऱ्यात वळतो आणि त्या खोऱ्याच्या पश्चिम अंगाला मेडिसिन बो पर्वताची रांग उभी असते. तिथे रावा वाइल्डरनेस आहे. पायवाटा साडेआठ हजार फुटांच्या आसपास सुरू होतात, शिखरं बारा हजारांच्या वर जातात. ऑक्टोबरच्या मध्यात, पहिल्या रायफल हंगामात, तिथल्या एका एल्क मादीचा परवाना माझ्या नावावर आहे.

अमेरिकेच्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने संरक्षित झालेल्या अगदी पहिल्या जंगलांपैकी हे एक. त्या कायद्यानुसार इथे मोटार नाही, मोटारसायकल नाही, साधी सायकलसुद्धा नाही. चाक असलेलं काहीही आत नेता येत नाही, त्यामुळे मांस ओढून आणायची हातगाडीही नाही. घोडा किंवा खेचर चालतं. ते नसेल तर माणसाचे पाय.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या नात्यातलं हरीण. पूर्ण वाढलेली मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते, नर तीनशेच्या पुढे जातो. मादीचं हाडं काढून निव्वळ मांस धरलं तरी साठ-सत्तर किलो निघतं. गोळी लागेपर्यंतचं सगळं अंगावरच्या सामानानिशी चालत जाणं असतं. गोळी लागल्यानंतर हे साठ-सत्तर किलो गाडीपर्यंत पोचवायचे असतात. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. चारही पायांचं मांस, पाठीच्या कण्यालगतचं मांस, आतलं मऊ मांस, सगळं बाहेर आलं पाहिजे. कायदा नसता तरी मला ते टाकता आलं नसतं.

माझ्या शेजारच्या बाई या शिकारीत माझ्यासोबत आहेत. साठी ओलांडलेल्या, पश्चिम कोलोरॅडोतल्या रँचवर वाढलेल्या, वडिलांबरोबर लहानपणापासून एल्कमागे हिंडलेल्या. बूट कोणते घेऊ, असं मी त्यांना फेब्रुवारीत विचारलं, तेव्हा त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं नाही. म्हणाल्या, जाताना सगळेच बूट चांगले वाटतात, तू येतानाचे घे. तेव्हा मी मान हलवली. त्या वाक्याचा हिशेब मात्र नंतर कागदावर मांडला.

समजा, गाडीपासून पाच किलोमीटरवर मादी पडली. मांस पासष्ट किलो. आम्ही दोघी. दोन खेपांत आणायचं म्हटलं तर प्रत्येकीच्या पाठीवर खेपेला सोळा-सतरा किलो मांस, वर पिशवी, रायफल, पाणी, गरम कपडे मिळून आणखी सात-आठ. म्हणजे चोवीस-पंचवीस किलो. सकाळी आत जाताना पाच किलोमीटर, पहिली खेप बाहेर पाच, परत आत पाच, दुसरी खेप बाहेर पाच. वीस किलोमीटर, त्यातले दहा ओझ्यासकट, नऊ-दहा हजार फुटांवर, बहुतेक अंधारात, मध्ये जनावर सोलून-कापून झालेलं. तोच आकडा तीन किलोमीटरला मांडला की बारा येतो. वीस आणि बारा यांत नुसता आठचा फरक नाही. वीसमध्ये माझ्या वजनाची, माझ्या वयाची, डोंगरात जन्म न गेलेली बाई कुठेतरी बसकण मारेल आणि उरलेलं मांस रानातच उबेल. बारा मला जमतील.

म्हणून नकाशावर गाडी लावायच्या जागेभोवती तीन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्याच्या बाहेर कितीही सोपा नेम मिळाला तरी गोळी झाडायची नाही. हे वर्तुळ रायफलच्या पल्ल्याने ठरलेलं नाही. माझ्या पायांनी आणि पायांत जे असेल त्याने ठरवलेलं आहे. चांगल्या बुटांनी ते अर्धा किलोमीटर वाढेल, वाईट बुटांनी एकावर येईल. बूट निवडताना मी खरं तर कुठवर मारायचा हक्क मला आहे हे ठरवत होते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

शिकारीविषयी इथे थोडं बोलायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात तो प्रश्न एव्हाना आला असेल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारं बंद केली, आणि ते योग्यच झालं. आपल्याकडे उरलेल्या जंगलाला आणि उरलेल्या जनावरांना दुसरा मार्ग नव्हता. कोलोरॅडोचा इतिहास वेगळा आहे. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला एल्क जवळजवळ संपला होता. मग यलोस्टोनच्या भागातून कळप आणून सोडले गेले; एस्टेस पार्कमध्ये १९१३-१४ च्या सुमारास. आज या राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. दरवर्षी कुठल्या भागात किती परवाने द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं कळपांच्या संख्येवरून ठरवतं, आणि त्या खात्याचा खर्च मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या पैशांतून चालतो. १९३७ च्या केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा अकरा टक्के कर वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. मी मांस खाते. आजवर माझ्यासाठी दुसरं कुणीतरी मारत आलं. एकदा तरी ते माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांसमोर आणि माझ्या पाठीवरून घरी यावं असं मला वाटतं. ज्यांना हे पटत नाही त्यांचा मी आदर करते.

तर बूट.

चालायला मी सह्याद्रीत शिकले. तिथे पायांत कॅनव्हासचे नाही तर स्वस्तातले ट्रेकिंगचे बूट असायचे, आणि ते पुरायचे. पावसाळ्यात तर जड, वॉटरप्रूफ बुटापेक्षा हलका, पाणी आत येऊन लगेच बाहेर जाणारा बूट केव्हाही चांगला, हे माझं आजही ठाम मत आहे. आपल्या ओल्या कातळावर आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर मऊ रबर धरतं. ओढे ओलांडताना पाय भिजणारच असतात, आणि वॉटरप्रूफ बुटात वरून एकदा पाणी गेलं की ते दिवसभर तिथेच राहतं. पाठीवर पाच-सात किलो, हवा उबदार. तिथल्यासाठी असले अमेरिकन डोंगरबूट कुणी मागवत असेल तर मी त्याला थांबवीन.

इथे प्रत्येक गोष्ट उलटी आहे. हवा कोरडी, रात्री गोठवणारी, दुपारी ऊन लागलं की दहा-बारा अंशांपर्यंत चढणारी. बर्फ पडेल किंवा पडणार नाही. पायवाट सोडल्यानंतर चालणं आडव्या उतारावर, म्हणजे एक पाय वर, एक खाली, तासन् तास. आणि पाठीवर पंचवीस किलो.

या ओझ्यामुळे सगळ्यात आधी विचार करावा लागतो तो तळाच्या ताठपणाचा. मऊ तळाचा बूट प्रत्येक दगडावर वाकतो आणि त्याच्याबरोबर आपला पाय वाकतो. ओझं नसताना ते सुखाचं वाटतं, ओझ्याखाली तळव्याचे छोटे छोटे स्नायू थकतात आणि मग घोटा सैल पडतो. म्हणून डोंगरी शिकारीच्या बुटांत तळाच्या आत नायलॉनची किंवा तसलीच ताठ पट्टी घालतात, तिला शँक म्हणतात. जर्मन बूटवाले बुटांची ए ते डी अशी प्रतवारी करतात: ए म्हणजे बागेत फिरायचा, डी म्हणजे बर्फाच्या भिंतीवर चढायचा. ओझं घेऊन पायवाटेबाहेर चालणाऱ्याचं काम बी आणि बी-सीच्या आसपास असतं. सी घेतला तर आडव्या उतारावर त्याची कड चाकूसारखी रुतते आणि खूप बरं वाटतं, पण सपाटीवर पाय लाकडी होतो. सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन जाणारे शिकारी मात्र मऊ तळाचेच बूट पसंत करतात, कारण त्यांना जनावराच्या अगदी जवळ जायचं असतं आणि ताठ तळाखाली वाळकी काडी कडकन मोडते. काही जण तर शेवटच्या टप्प्यात बूट काढून नुसत्या मोज्यांवर सरकतात. रायफलवालीला तेवढी चोरपावलं लागत नाहीत, म्हणून मी ताठ बाजूला झुकले.

पण ताठ म्हणजे जड. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाचएक किलोंसारखं लागतं, हा गिर्यारोहकांचा जुना हिशेब; सैन्यांच्या चाचण्यांतूनही साधारण असाच आकडा निघाला आहे. जाड कातड्याचा दहा इंच उंचीचा जोड पावणेदोन-दोन किलोंपर्यंत जातो, कापडी हलका जोड सव्वा किलोंत बसतो. दुकानात दोन्ही हातात धरले तर हलकाच घ्यावासा वाटतो. मी तो घेतला नाही, आणि त्याचं कारण या जंगलात आहे.

१३ ऑगस्ट २०२० ला कॅमेरॉन खिंडीजवळ वणवा लागला आणि डिसेंबरपर्यंत दोन लाख आठ हजार एकर जंगल जळालं. कोलोरॅडोच्या नोंदींतला हा सगळ्यात मोठा वणवा. आम्ही गावात दुपारी चार वाजता दिवे लावून बसायचो, आकाश विटकरी व्हायचं, आणि अंगणात राखेचे तुकडे पडायचे. रावाचाही काही भाग त्यात गेला. त्याच्या आधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून, पाइनच्या सालीखाली शिरणाऱ्या भुंग्याने उत्तर कोलोरॅडोतली लॉजपोल पाइनची रानंच्या रानं वाळवली होती. मेलेली आणि जळालेली ती झाडं आता एकेक करून वाऱ्याने पडताहेत. जळक्या जागेत ऊन पोचतं, गवत आणि कोवळी झुडपं जोमाने उगवतात, आणि एल्क त्या चाऱ्यासाठी तिथेच येतो. म्हणजे जिथे जनावर, तिथेच ओंडक्यांचं जाळं. काही ठिकाणी दर चार-पाच पावलांवर एक आडवा ओंडका, कधी गुडघ्याइतका, कधी कमरेइतका. ओलांडून पाय पलीकडे टाकताना खाली काय आहे ते दिसत नाही. मोडक्या फांद्यांचे खुंट टोकदार असतात आणि नेमके नडगीच्या उंचीवर असतात.

उन्हाळ्यात मी तिथे पायाखालची जमीन पाहायला गेले, तेव्हा घोट्यावर संपणारा बूट आणि पोटरीच्या खालच्या अंगापर्यंत येणारा बूट यांतला फरक मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. उंच बुटाने घोटा मुरगळायचा थांबतोच असं नाही. ती हमी कुठलाच बूट देत नाही आणि पायाची ताकद वाढवण्याला पर्याय नाही. पण जाड कातड्याची ती दहा इंची भिंत खुंटांपासून नडगी वाचवते. बुटाच्या खालच्या कडेभोवती रबराचा रुंद पट्टा असतो, तोही इथे दागिना नाही. कोळसा झालेल्या खडबडीत लाकडावर आणि दगडांच्या राशीवर आधी कातड्याची शिवण घासून जाते, आणि शिवण गेली की बूट गेला.

तळाच्या रबराची गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९३५ साली इटालियन आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर गेलेल्या तुकडीतले सहा जण वादळात सापडून मेले. त्या काळी खालच्या वाटेला खिळे ठोकलेले जड बूट आणि वरच्या कातळाला पातळ तळाचे हलके जोडे अशी पद्धत होती. हलके जोडे थंडीबर्फात कुचकामी, आणि लोखंडी खिळ्यांतून थंडी थेट तळव्यात उतरायची. या तुकडीबरोबर असलेला विताले ब्रामानी वाचला आणि दोन्ही कामं करणारा तळ हवा म्हणून त्याने १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. त्याच्याच नावावरून व्हायब्रम. ३१ जुलै १९५४ ला इटालियन तुकडी पहिल्यांदा केटूच्या माथ्यावर पोचली तेव्हा त्यांच्या पायांत हेच तळ होते. आज जगातल्या निम्म्याअधिक डोंगरी बुटांच्या तळाशी तो पिवळा अष्टकोन दिसतो असं मला वाटतं. आमच्या गावातल्या दुकानाच्या भिंतीवर तरी तसंच होतं. तो दिसला की मला ती सहा माणसं आठवतात.

तळ आणि कातडं यांच्या मधला थर कुणी पाहत नाही, पण तो पाहायला हवा. तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. ओझ्याखाली तो वर्षानुवर्षं चेपत नाही, ही त्याची खूबी. पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रसायनं हळूहळू तुटतात, बूट कपाटात नुसते ठेवले तरी. कुणाच्या गॅरेज सेलमध्ये दहा-बारा वर्षांचे, न वापरलेले, चकचकीत जर्मन बूट वीस डॉलरला मिळतात. पहिल्याच चढावर त्यांचा तळ बिस्किटासारखा चुरा होऊन गळून पडू शकतो. त्यामुळे जुना माल घेऊ नये, निदान डोंगरासाठी तरी.

आतल्या वॉटरप्रूफ पडद्यावर लोक खूप भांडतात. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन गरम करून झटक्यात ताणलं आणि गोअर-टेक्सचा पाया घातला गेला. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतली वाफ बाहेर जाते. बुटात मात्र हे अर्धंच खरं ठरतं, कारण जाड कातडं वाफेला अडवतं आणि पाय घामेजतो. तरी ऑक्टोबरच्या बर्फाळ गवतात हा पडदा असावा, असं माझं मत झालं. उबेच्या अस्तराचा मोह मात्र टाळला. चारशे, आठशे ग्रॅमचं अस्तर असलेले बूट एका जागी बसून राहणाऱ्या शिकाऱ्याला हवेत. चालणारीचा पाय त्यात भिजतो, आणि घामाने भिजलेला पाय थांबल्याबरोबर गोठतो. मी बिनअस्तराचे घेतले. थंडीचा इलाज मेरिनो लोकरीच्या मोज्यांत आणि पिशवीतल्या कोरड्या जादा जोडीत आहे. सुती मोजा तर अजिबात नको.

हे सगळं वाचून, विचारून कळतं. पाय मात्र वाचून कळत नाही. आणि बायकांचा पाय दुकानदारांनाही लवकर कळत नाही, हे स्पष्ट सांगते. शिकारीच्या बुटांची भिंत पुरुषांची असते. बाईला पुरुषी बुटाचा लहान नंबर देतात आणि जाडा मोजा घालायला सांगतात. पण बाईची टाच सहसा चवड्याच्या मानाने अरुंद असते. पुरुषी कलबुतावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, बेतलेल्या बुटात चवडा नीट बसला तर टाच मागे हलते, आणि चढावर प्रत्येक पावलाला ती अर्धा सेंटिमीटर उचलली गेली की तासाभरात फोड. त्यातून बाळंतपणानंतर अनेकींचा पाय थोडा लांब आणि थोडा चपटा होतो. माझा अर्धा नंबर वाढला आणि परत आला नाही.

गावातल्या ज्या दुकानात मी शेवटी बूट घेतले तिथल्या माणसाने आधी मला ब्रॅनॉकच्या मापपट्टीवर उभं केलं. ही धातूची सरकती पट्टी सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी शंभरेक वर्षांपूर्वी केली. वडिलांच्या जोड्यांच्या दुकानात काम करताना त्यांना नुसती लाकडी पट्टी अपुरी वाटत होती. ती तीन मापं घेते: टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंत, आणि रुंदी. मधलं माप बहुतेक जण घेतच नाहीत. बूट जिथे वाकतो तिथेच आपला चवडा वाकायला हवा. तो जुळला नाही तर नंबर बरोबर असूनही बूट चावतो. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित मोठा निघाला, तर डाव्याची करंगळी बाहेरच्या बाजूला जास्त पसरलेली.

बूट पाहायला मी मुद्दाम संध्याकाळी जायची, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असताना. मोजे डोंगरात घालायचे तेच. लेस न बांधता पाय पुढे सरकवायचा आणि टाचेमागे बोट जातंय का पाहायचं. मग लेस बांधून दुकानातल्या उतरत्या फळीवर खाली तोंड करून पाय आपटायचा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट परत ठेवायचा, कितीही आवडला तरी. उतारावर, पंचवीस किलो पाठीवर असताना, तो अंगठा हजारो वेळा टेकणार आणि नख काळं होऊन गळणार. येतानाचे बूट म्हणजे काय ते त्या फळीवर उमगलं: जाताना आपण बहुधा चढतो, टाचेचा प्रश्न असतो; येताना उतरतो, ओझ्यासकट, आणि सगळा भार बोटांवर येतो.

इटलीतल्या मोंटेबेलुनाच्या आसपास पिढ्यान् पिढ्या डोंगरी बूट शिवले जातात. अमेरिकन शिकारी ज्यांचं नाव घेतात ते बरेच बूट, मोंटानातल्या केनेट्रेकसकट, इटलीतच बनतात. क्रिस्पी, झाम्बरलान, स्कार्पा, जर्मनीचे लोवा, हानवाग, माइंडल, मी यातले मिळतील तेवढे पायांत घालून पाहिले. कुठला चांगला, असं मला विचारलं तर उत्तर देता येणार नाही. प्रत्येकाचं कलबूत वेगळं, आणि ते कलबूत तुमच्या हाडांना जुळतं की नाही एवढंच खरं. माझ्या पायाला जे जुळले ते बायकांच्या कलबुतावर बेतलेले, पूर्ण कातड्याचे, दहा इंची, बी-सीच्या जवळपासच्या ताठपणाचे निघाले. किंमत ऐकून घरी थोडी शांतता पसरली. नवऱ्याने फक्त एवढंच विचारलं की, तळ झिजला तर बदलून मिळतो का. मिळतो. मग त्याला पटलं.

मेपासून ते बूट पायांत आहेत. आधी घरात, मग बाजारहाटाला, मग गावामागच्या हॉर्सटूथ डोंगरावर, मग ग्रेरॉकच्या चढावर. कातडं पायाचा आकार घेतं ते घामाने, उबेने आणि वाकण्याने. त्याला घाई चालत नाही. बूट भिजवून शेकोटीपाशी वाळवायचा जुना उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, कातडं आक्रसून तडकतं. पिशवीत वजन म्हणून मी इंडियन स्टोअरमधल्या तांदळाच्या वीस पौंडी पिशव्या घालते. वाटेत भेटलेल्या एका जोडप्याने मला विचारलं की, आत काय आहे. सोना मसुरी, असं मी सांगितलं, आणि मग एल्कचं सांगितलं. त्यांनी त्यांच्या पहिल्या शिकारीची हकिकत सांगितली आणि जाताना लेसची सर्जन्स नॉट बांधायला शिकवली: घोट्याच्या वळणावर लेसला दोन पीळ द्यायचे म्हणजे खालचा भाग सैल आणि वरचा घट्ट ठेवता येतो. उतरताना ती गाठ खालच्या भागावर आवळली की पाय पुढे घसरत नाही. एवढी उपयोगाची गोष्ट मला कुठल्याही दुकानाने सांगितली नव्हती.

फोडाविषयी शेजारच्या बाईंचा नियम कडक आहे. चुणचुण जाणवली की तिथेच थांबायचं, कळप समोर दिसत असला तरी. बूट काढायचा, पाय कोरडा करायचा, ल्युकोटेप ही चिकटपट्टी लावायची. फोड वरच्या घासण्याने होतो असं आपण समजतो, पण त्वचेच्या आतले थर एकमेकांवर ओढले जाऊन सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. चुणचुण ही त्याची आधीची सूचना असते आणि ती मोजकी मिनिटंच मिळते. बाई म्हणतात, पाच मिनिटं वाचवायला जाशील आणि जनावर घेऊन बाहेर यायचे पाय घालवशील.

जुलैपासून बुटांनी टाचेला काही केलेलं नाही. अंगठे शाबूत आहेत. फक्त डाव्या पायाची करंगळी, लांब उतारावर, शेवटच्या तासात लाल होते. दुकानातल्या माणसाने त्या जागी कातडं आतून थोडं ताणून दिलं आहे. कातड्याच्या बुटाचा हा एक फायदा, कापडी बुटाला हे करता येत नाही. येत्या शनिवारी बाई आणि मी ग्रेरॉकला जाणार आहोत, या वेळी तांदळाच्या तीन पिशव्या माझ्या पाठीवर आणि दोन त्यांच्या. वर चढायला दोन-अडीच तास लागतील, त्यात मला रस नाही. उतरताना करंगळीचं काय होतं ते बघायचं आहे. तरीही चावलं तर पातळ इनसोल घालून पाहीन, तेही जमलं नाही तर नकाशावरचं वर्तुळ अडीच किलोमीटरवर आणीन. हंगामाला अजून सहा आठवडे आहेत.